हत्यार न उचलणारे प्रल्हादभाऊ

प्रल्हादभाऊ तायडे केस कापायला बसले की कारागीर जागेवर उभा राहतो आणि प्रल्हादभाऊ फिरतात. खोटं सांगत नाही. अमरावतीला राजापेठेजवळ गजूभाऊंचं सलून आहे, तिथली खुर्ची गोल फिरते. प्रल्हादभाऊ त्या खुर्चीत बसून पायाने फरशी ढकलत स्वतःला सावकाश फिरवत राहतात. गजूभाऊंनी फक्त कापायचं मशीन हातात धरून मानेपासून हळूहळू वर शेंडीपर्यंत सरकायचं. मशीन डोक्यावरून एकदाही उचलायचं नाही. मध्येच कान येतो. कान आला की मशीन मागे, कान गेला की पुढे. प्रत्येक फेरीला असे दोन कान.

पहिल्या वेळी गजूभाऊंनी कान आल्यावर मशीन मागे घेतलं, म्हणजे व्हायचा तो उशीर झाला. प्रल्हादभाऊंनी कानाला रुमाल लावला आणि रागवायचं सोडून त्यांचीच शिकवणी घेतली. कान आल्यावर सरकायचं नाही, कान येतोय असं वाटलं की तेव्हाच सरकायला लागायचं. गजूभाऊ आता तसंच करतात, पण त्यांची तक्रार अशी की फिरतो हा माणूस आणि घेरी येते मला. हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, कारण आमचे हे दूध आणायला म्हणून जातात आणि त्या सलूनमध्ये पेपर वाचताना सापडतात.

लोक म्हणतात, अकोल्याचं ऊन डोक्यात गेलं. प्रल्हादभाऊ मूळचे अकोल्याचे हे खरं, तिथे डाळमिलचे रूळ लेथवर घासण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. पण उन्हाचा यात काही संबंध नाही. हा माणूस दिवसभर जे काम करतो तेच डोक्यात घेऊन घरी जातो, बाजारात जातो, पंगतीत बसतो. दुसरं काही ठेवायला डोक्यात जागाच नाही.

आमचा कारखाना म्हणजे एका डोळ्यांच्या दवाखान्यामागच्या दोन खोल्या. काही लोकांचं बुबुळ पातळ होत होत शंकूसारखं पुढे येतं. त्यांना चष्म्याने भागत नाही. त्यांच्यासाठी आम्ही रुपयाच्या नाण्याहून थोडी लहान अशी लेन्स बनवतो. ती बुबुळाला शिवत नाही, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकून बसते. आणि हा पांढरा भाग, देवाची करणी म्हणा, गोल नसतो. नाकाकडे एक उतार, कानाकडे दुसरा, वर तिसरंच काहीतरी, आणि प्रत्येकाचं वेगळं. डॉक्टरसाहेब यंत्राने डोळ्याचा नकाशा काढून देतात. मग प्लास्टिकची चकती लेथवर गरगर फिरते आणि हिऱ्याचं टोक लावलेलं टूल काठापासून मधापर्यंत चकलीसारखं फिरत जातं. उंचवटा आला की मागे, खळगा आला की पुढे, तेही डोळ्याला दिसणार नाही इतकं बारीक. टूल वाटेत थांबलं की डाग पडतो. दचकलं की लाटा उठतात. उचलून पुन्हा टेकवलं तर जोड दिसतो. टूलने कुठून निघायचं, कसं जायचं, कुठे हळू व्हायचं, ही वाट आखायची म्हणजे प्रल्हादभाऊंचं काम. संगणक आखून देतो की. पण प्रल्हादभाऊ ती आधी बोटाने हवेत फिरवून बघतात आणि निम्म्या वेळा वास आल्यासारखं तोंड करतात.

माझं काम त्या लेन्सा सूक्ष्मदर्शकाखाली धरून चुका शोधायच्या. सापडली की लाल ठिपका लावायचा, लेन्स बाद. थोडक्यात, प्रल्हादभाऊंच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. घरीही एकजण आहेत. त्यांच्या चुका काढायला सूक्ष्मदर्शक लागत नाही आणि पगारही मिळत नाही.

तर हा माणूस भाकरीसुद्धा काठापासून गोल गोल तोडत आत जातो. मधला घास राहिला की थांबतो, जरा दम घेतो. का, तर मधात आलं की फिरण्याची चाल मरते, तिथेच कामाची परीक्षा असते. भातकुलीला आमच्याच ओळखीत लग्न होतं, तिथे वाढपी जिलेबी घेऊन येऊन गेले, परत आले, मठ्ठाही वाढून झाला, आणि हे आपले पोळीच्या काठावर. शेजारचा म्हातारा घाबरून मला विचारायला लागला की यांना दातांचा काही त्रास आहे का.

कुठलीही गोष्ट बिघडली की त्यांचं एकच वाक्य. "माल चांगला हाय, वाट चुकली." वरण करपलं, तरी तेच. क्रिकेटची मॅच हरली, तरी तेच. एका मुलाने तिसऱ्यांदा बारावी दिली त्याच्या बापालाही त्यांनी हेच सांगितलं, आणि बापाला ते इतकं पटलं की त्याने दुसऱ्या दिवशी पेढे आणून दिले.

माणसांची मात्र त्यांना भीती वाटे. पेशंट आले की हे लेथच्या मागे. कोणाचा चेहरा ठाऊक नाही, पण डोळे सगळे पाठ. नावं त्यांनी स्वतःच ठेवलेली. दर्यापूर उजवा, भातकुली डावा, मूर्तिजापूर दोन्ही. "मूर्तिजापूर दोन्ही लय सरळ माणूस हाय," असं एकदा म्हणाले. मी विचारलं, तुम्ही कधी पाहिलंत त्यांना. तर म्हणाले, पाहायचं काय, उतार पाहा ना किती सरळ आहे.

या सगळ्यात एक डोळा असा आला की त्याने आम्हा दोघांनाही हैराण केलं. परतवाडा डावा.

परतवाडा डावा म्हणजे रंजना खंडारे. परतवाड्याहून वर मेळघाटात सेमाडोहपर्यंत शेअर जीप चालवते. वय पस्तिशीच्या आसपास, आवाज असा की स्टँडच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाच्या माणसाने उत्तर द्यावं. उजवा डोळा चांगला, डाव्यात शंकू. लायसन्सची मुदत दिवाळीत संपत होती. डॉक्टरसाहेबांनी साफ सांगितलं होतं की डाव्या डोळ्याने नीट दिसल्याशिवाय आणि ती लेन्स दिवसभर डोळ्यात टिकल्याशिवाय मी दाखल्यावर सही करणार नाही. सही नाही तर लायसन्स नाही, लायसन्स नाही तर जीप नाही. त्या रस्त्यावर बाई गाडी चालवेल हे कोणाला मान्य नसताना तिने ती चालवून दाखवली होती. मला म्हणाली, "जीप गेली तं मंग मी कोन हो? चार घरच्या चार बायांतली एक."

लेन्स केली. परत आली. दुसरी केली. तीही परत आली. तिसरी घेऊन ती स्वतःच आली, आणि तिचा आवाज ऐकून प्रल्हादभाऊ लेथच्या मागे असे दडले की मला फक्त चप्पल दिसत होती. रंजना म्हणाली, "दिसते मस्त. पन घाट चढलो का खुपते. इथं दवाखान्यात बसलो का नाही खुपत. माया डोळा घाट ओळखते का?"

डॉक्टरसाहेबांनी पुन्हा नकाशा तपासला, बरोबर होता. संगणकाची वाट बरोबर होती. मी लेन्स वरखाली करून पाहिली, एक चरा नाही. मग साहेब म्हणाले की आता एकच प्रयत्न, नाहीतर बुबुळ बदलायचं ऑपरेशन, त्याला मोठ्या शहरात नाव लावावं लागेल आणि पुढे बराच काळ गाडीला हात लावता येणार नाही. रंजनाने लेन्सची डबी मुठीत धरली आणि निघाली.

त्या संध्याकाळी प्रल्हादभाऊ माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "शैलाताई, घाटात जाचं आपल्याले. मी एकला गेलो अन् त्या बाईच्या डोळ्यात पाहत बसलो तं लोक मले तिथंच पुरतीन."

रविवारी आम्ही एसटीने परतवाड्याला गेलो आणि रंजनाच्या जीपमध्ये बसलो. तिला आधी कळवलं होतं, पण बाकीच्या प्रवाशांना कोण कळवणार? प्रल्हादभाऊ पुढच्या सीटवर, समोरच्या काचेकडे पाठ करून, थेट रंजनाच्या तोंडाकडे बघत बसले. रस्त्याकडे एकदाही पाहिलं नाही. मागे धारणीकडची एक म्हातारी बसली होती. तिने थोडा वेळ हे सगळं नीट न्याहाळलं, मग मला कोपराने ढोसून हळूच विचारलं की पाहुणे पोरगी पाहायला आलेत का. मी नाही म्हणेपर्यंत म्हातारीने रंजनाचे गुण सांगायला सुरुवातही केली. स्वयंपाकाला बरी आहे, पण हिच्याशी तोंडाने जिंकता येणार नाही, तेवढं आधीच ठरवून घ्या. प्रल्हादभाऊ घामाघूम झाले, पण नजर हटवली नाही.

निघताना रंजनाने लेन्स घातली, वरून दुपट्टा बांधला. आपल्याकडे उन्हाधुळीत सगळ्याच बायका बांधतात तसा, डोक्यावरून, गळ्याभोवती, तोंडावरून आवळून, नुसते डोळे उघडे. घाट लागला. मागे दाराला दोन माणसं लटकलेली, त्यांच्याकडे लक्ष ठेवायला ती सारखी डावीकडच्या आरशात बघे. वळण आलं की आरसा, खड्डा आला की आरसा. आणि अर्ध्या घाटात तिने जीप कडेला घेतली. डोळा लाल झाला होता. लेन्स काढून, धुऊन ती बसून राहिली. मागून दुसरी जीप आली. प्रवासी एकेक करून उतरले आणि त्या जीपमध्ये जाऊन बसले, लटकणारेही. तिने कोणाला अडवलं नाही. आमच्याकडे बघून एवढंच म्हणाली, पाहा, असं होते रोज.

म्हातारी तेवढी उतरली नाही. लग्नाचं काय होतं ते पाहायचं होतं तिला.

प्रल्हादभाऊ एका दगडावर बसले. खांद्यावरचा रुमाल काढून त्यांनी तो डोक्याला, गळ्याला, तोंडाला थेट रंजनासारखा आवळून बांधला. येणारे जाणारे थांबून हसायला लागले. त्यांनी डावीकडे बघायचा प्रयत्न केला. मान वळेना. मग नुसते डोळे कोपऱ्यात गेले, पार कानाकडे. उजवीकडे बघितलं, परत डावीकडे. असं चार-सहा वेळा केलं आणि रुमालातूनच बोलले, "दवाखान्यात दुपट्टा कोनं काढाले लावला?"

लावला होता, डॉक्टरसाहेबांनीच. साहजिक आहे, नकाशा काढताना तोंडावर कापड कसं चालेल. दुपट्टा सुटला की मान मोकळी, आणि नकाशा निघाला तो समोर बघणाऱ्या डोळ्याचा. घाटात मान बांधलेली. डोळाच कोपऱ्यात जायचा, दिवसभर, आणि कोपऱ्यात गेला की लेन्सची कड एका जागी रुतायची. आमच्या नकाशात ती जागा सपाट होती.

मी लगेच शहाणपण शिकवलं की मग दुपट्टा जरा सैल बांधावा. रंजना म्हणाली, अन् धूळ तुमी खासान का? पण तिच्याहून जास्त प्रल्हादभाऊ दुखावले. म्हणाले, "ताई, जॉबले, लेथवरच्या मालाले, सांगाचं नाही का तू गोल हो. तो जसा हाय तसा हाय. वाट आपुन बदलवाची."

परत आल्यावर त्यांनी जन्मात पहिल्यांदा डॉक्टरसाहेबांच्या खोलीत स्वतःहून पाऊल टाकलं. म्हणाले, बाईंना दुपट्टा बांधूनच बसवा, फक्त डोळ्यांखालचा पदर जरा सरकवा, आणि डोळा कोपऱ्यात नेऊन नकाशा काढा. साहेबांना हसू आलं. पण माणूस दिलदार, त्यांनी तसं केलं, आणि पडद्यावर नकाशा उमटल्यावर त्यांचं हसणं थांबलं. प्रल्हादभाऊंना त्यांनी स्वतःची खुर्ची दिली. प्रल्हादभाऊ बसले नाहीत ही गोष्ट वेगळी.

पुढचे दिवस वाईट गेले. लेन्सच्या कडेला त्या एका जागी थोडा उठाव द्यायचा होता, मांजर पाठ उचलते तसा, आणि लगेच पुन्हा खाली यायचं होतं. टूल त्या जागी दचके. दचकलं की लाटा. मी लाल ठिपका लावे. दुसरी येई, पुन्हा लाटा, पुन्हा ठिपका. दिवाळी जवळ आली, बाजारात आकाशकंदील लागले आणि आमच्याकडे बाद लेन्सांची वाटी भरत चालली. प्रल्हादभाऊ डबा उघडायचे, भाकरीकडे बघायचे, झाकण लावायचे. मला त्यांचा राग यायचा, आणि माझाही यायचा. एकदा वाटलं, डोळा झाकावा आणि एक लेन्स जाऊ द्यावी. पण ती रंजनाच्या डोळ्यात जाणार होती, आणि रंजना घाटात.

शेवटी त्यांना सापडलं ते असं की उठाव एका बाजूला असला तरी टूलने तयारी अर्धी फेरी आधीच सुरू करायची, पलीकडच्या बाजूपासूनच. इतकं हळू की टूललाही कळू नये आपण चढतोय. संगणकाने आखलेली वाट त्यांनी बाजूला ठेवली, नवी आखली, बोटाने हवेत फिरवली, आणि या वेळी तोंड वाकडं केलं नाही. ती लेन्स माझ्याकडे आली. मी पाहिली. काही सापडेना. दिवा बदलून पाहिली, उलटी करून पाहिली, नुसत्या हट्टानेही पाहिली. काही नव्हतं. प्रल्हादभाऊ दारात उभे होते. मी म्हटलं, भाऊ, डबा खाऊन घ्या.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दुपारी दवाखान्याच्या आवारात जीपचा हॉर्न वाजला तो थांबेचना. रंजना आली होती. सलग काही दिवस सकाळी घातलेली लेन्स तिने रात्री घरी जाऊनच काढली होती, घाट चढून, उतरून, पुन्हा चढून. डॉक्टरसाहेबांनी डोळा तपासला, कुठे लाली नाही. दाखल्यावर सही केली. तो कागद तिने छातीशी धरला आणि एवढी दांडगी बाई आवारात उभी राहून ढसाढसा रडली. मग नाक पुसून म्हणाली, ज्याने हे केलं तो माणूस कुठे आहे.

तो माणूस लेथच्या मागे होता. मी त्यांना दंडाला धरून बाहेर ओढून आणलं.

रंजनाने उजवा डोळा तळहाताने झाकला आणि नुसत्या डाव्याने त्यांच्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, निवांत. प्रल्हादभाऊ श्वास रोखून उभे. त्यांच्या लेन्समधून कोणीतरी त्यांच्याकडे बघतंय हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा होत होतं.

ती म्हणाली, "भाऊ, शर्ट पांढरा, अन् बटन काळ्या धाग्यानं लावलं. तेही वाकडं. घरी कोनी नाही का?"

मी रोज त्यांच्या समोर बसते. मला ते बटण दिसलं नव्हतं.

प्रल्हादभाऊंनी खाली पाहिलं. म्हणाले, "आई होती तवर तेच लावे. आता मीच लावतो. मले येत नाही ते."

हिऱ्याच्या टोकाने केसाहून बारीक काम करणारा माणूस हे सांगत होता. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

रंजनाने जीपच्या कप्प्यातून सुई आणि पांढऱ्या धाग्याचं रीळ काढलं. प्रवाशांच्या पिशव्या फाटतात, म्हणून ठेवते म्हणाली. मग उजवा डोळा घट्ट मिटला, सुई उन्हात धरली आणि डाव्या डोळ्याने धागा ओवला. एकदाच. पहिल्याच झटक्यात. काळा धागा दाताने तोडून तिने ते बटण शर्ट अंगात असतानाच लावायला घेतलं. प्रल्हादभाऊ दोन्ही हात अंगाला चिकटवून, मान वर करून, सावधान उभे. डोळे भरून आलेले, पुसायची सोय नाही.

गाठ मारून झाल्यावर ती म्हणाली, "मले आता दर महिन्याले डोळा दाखवाले याचं हाय. असे अजून शर्ट असतीन तं आनून ठेवजा."

ते फक्त मान डोलावून हाव म्हणाले.

पुढच्या महिन्यात ती आली. परतवाड्याहून येताना आम्हा दोघांसाठी भरीत-भाकरीचे डबे घेऊन आली होती, एक त्यांना, एक मला. प्रल्हादभाऊ लेथच्या मागे गेले नाहीत. कोपऱ्यातून एक भलीमोठी पिशवी आणून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि हात धुवायला निघून गेले. पिशवीत त्यांचे शर्ट होते, धुतलेले, इस्त्री केलेले, आणि जवळजवळ सगळ्यांचं एक तरी बटण गेलेलं. रंजना म्हणाली, बाप्पा, इतके कशे तुटले?

मी एक शर्ट उचलून बघितला. मग दुसरा. सवय आहे, जात नाही. झिजून तुटलेल्या धाग्याची टोकं पिंजलेली असतात. ही टोकं सरळ होती, ब्लेडने कापावी तशी, एकूण एक.

मी शर्ट परत घडी घालून पिशवीत ठेवले आणि रंजनाला म्हटलं, भाऊंच्या शर्टांचा धागाच फार कच्चा आहे.